गुरुपादसरांपुढे बसताना

गुरुपादसर चित्र काढायला बसले की पहिला अर्धा तास काहीच करायचे नाहीत. समोर ताणलेला कॅनव्हास, शेजारी स्टुलावर रंगांच्या नळ्या, दोन्ही हात मांडीवर, आणि नुसते बघत राहायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, रंग संपला असेल.

"काय सर, रंग न्हाय काय?"

"हाय की."

"मग?"

"बघतोय."

"बघायचे पैसे वेगळे पडतील."

ते हसले नाहीत. मान डोलावून म्हणाले, "बघायचेच पैसे हायत, अक्का. रंगवायचं फुकट."

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा कोल्हापुरात चित्रकला शिकवणाऱ्या एका शाळेत झाडलोट करत होते. एक दिवस मुलांसमोर बसणारी बाई आलीच नाही, तेव्हा मला हातातला झाडू ठेवायला लावून खुर्चीवर बसवलं. झाडण्यापेक्षा बसण्याचे पैसे जास्त मिळतात हे कळल्यावर मी झाडू परत उचलला नाही. मॉडेल म्हटलं की लोकांच्या मनात नाही नाही ते येतं. मी अंगभर नऊवारी नेसून बसत होते. चेहरा आणि हात, एवढंच त्यांचं काम. माझा नवरा फौंड्रीत होता. तो म्हणाला, "नुसतं बसायचं आनि पैसे?" मी म्हटलं, तीन तास न हलता बसून दाखव. त्याने बसून दाखवलं नाही.

गुरुपादसर एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. सुट्टीच्या दिवशी आमच्या शाळेत येऊन मुलांची चित्रं बघून जात. तिथेच त्यांनी मला बघितलं आणि मंगळवार पेठेतल्या आपल्या माडीवर रविवारी बसायला बोलावलं. मूळचे जयसिंगपूरचे. घरचं कापडाचं दुकान, घरात अर्धं बोलणं कानडीत. म्हणून मी त्यांची हौसाक्का, नुसती अक्का झाले, आणि त्यांचं ऐकून सगळ्या गल्लीची झाले. सडसडीत अंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि ब्रश पुसायला फडकं असताना बोटं पुसायची ती स्वतःच्या सदऱ्याला. सुनंदावहिनी, त्यांची बायको, म्हणायच्या, "ह्यांच्या कपड्यांकडं बघून लोक विचारतात, घराला रंग दिलासा काय."

बसताना ते मला कधी सांगायचे नाहीत की अशा बसा, तशा बसा. विचारायचे, "घरात दुपारचं काम आवरलं की कशा टेकता?" मी तशी टेकायची. मग खाली वाकून माझ्या पावलांभोवती खडूने रेघ मारायचे, म्हणजे चहानंतर पाय परत तिथेच यावेत. त्या फरशीवर माझ्या पावलांच्या इतक्या रेघा साठल्या होत्या, की कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं इथे दहाजणी नाचून गेल्यात.

माडीला उत्तरेची खिडकी होती. ऊन आत यायचं नाही, नुसता पांढरा उजेड यायचा. टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास. खालच्या गल्लीतून म्हशी, गिऱ्हाइकापुढेच दूध काढून देतात त्या धारेच्या कट्ट्याकडे निघायच्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटा लांब लांब जायच्या. तासाभराने पायाला मुंग्या यायच्या. मग मुंग्याही जायच्या. मग पाय आहे हेच विसरायचं. समोरची भिंत पातळ झाल्यासारखी व्हायची आणि मला माहेरचं शिरोळ दिसायला लागायचं. कृष्णेचं पाणी उसात शिरलेलं, नुसते शेंडे वर, आणि आमच्या अंगणात गुडघाभर पाण्यात चांदीसारखे मासे. आई चुलीवरचं पातेलं डोक्यावर घेऊन माळावर निघालेली. मी पत्र्यावर बसून हे सगळं बघतेय, आणि मला अजिबात भीती वाटत नाही.

सर नेमके तेव्हा ब्रश उचलायचे. त्यांची ती रीतच होती. माणूस समोर बसलेला असेपर्यंत ते थांबायचे. माणूस आतून उठून गेला, की रंगवायला लागायचे. नंतर चहा देताना विचारायचे, "कुठं गेलतासा?"

"शिरोळला."

"कोन कोन भेटलं?"

"आई. आनि मासे."

चित्राच्या मागे पेन्सिलीने लिहायचे, 'शिरोळ'. एकदा मी 'कुठं न्हाय, डुलकी लागली' म्हटलं, तर तेही तसंच्या तसं लिहिलं.

त्यांचा एक हट्ट होता. समोर जे नाही ते चित्रात यायचं नाही. म्हणायचे, "दिसतंय तेवढंच लावायचं. त्यातलंच निम्मं ऱ्हातंय." गारगोटीचे एक व्यापारी स्वतःचं चित्र काढून घ्यायला आले होते, मी तेव्हा तिथेच बसले होते. त्यांना डोक्यावर फेटा पाहिजे होता. आले होते बोडके.

सर म्हणाले, "पावणं, फेटा कुठाय?"

"घरात हाय. तुम्ही मनानं घाला की. केशरी घाला."

"मनानं घातलेला मनालाच दिसतोय. येताना घालून या."

"गारगोटीस्नं फेटा घालून येष्टीत बसू?"

"व्हय."

"लोक लग्नाचा बस्ता बांधायला निघालाय म्हनतील."

"म्हनू द्या की. चेहऱ्यावर जरा तेज येईल."

पावणं जे गेले ते परत आले नाहीत. वहिनींनी त्या दिवशी भाकरी थापताना परात जरा जास्तच आपटली.

दोन हजार सालानंतर सरांनी नोकरी सोडली. मला ते पटलं नाही आणि मी तोंडावर सांगितलं. महिन्याच्या महिन्याला पगार येतो, पोरांना आंबा काढायला शिकवायचं, ह्यात अडचण काय? ते म्हणाले, "वीस वर्सं आंबाच काढतोय अक्का. आता हाताला देठाच्या पुढं जाता येईना." त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, बजावलं होतं. चित्रांवर घर चाललं तर ठीक. नाही चाललं तर दिवाळीच्या पाडव्याला जयसिंगपूरला येऊन गादीवर बसायचं. एक नाही, दोन वर्षांची मुदत दिली होती. कापडवाल्याच्या मानाने ती बरीच होती.

कोल्हापुरात चित्रकार खूप आणि चित्र घेणारे थोडे. वहिनींनी तेव्हा कंप्युटरचा क्लास केला होता. सरांचा एक जुना विद्यार्थी पुण्यात चित्रांची वेबसाइट चालवायचा. तो म्हणाला, फोटो पाठवा, जगात कुठलाही माणूस बघेल, आवडलं तर घेईल. वहिनी चित्रं गच्चीवर नेऊन सावलीत उभी करायच्या, फोटो काढायच्या, आणि एक दिवसाआड नेट कॅफेत जाऊन बसायच्या. एकदा मीही गेले. पडद्यावर मी होते. हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मांडीवर हात. मी म्हटलं, "मी एवढी काळी हाय?"

"पडद्याचा रंग जरा वेगळा येतो," वहिनी म्हणाल्या.

"मग उजळ यायचा."

सरांना त्या पडद्याचं फार अप्रूप. रंकाळ्यावर फिरताना म्हणायचे, "आपन झोपलो की तिकडं लोक उठत्यात. आपन इथं घोरतोय आनि चित्र तिकडं जागं. कुनीतरी हातात चहा घिऊन हौसाक्काकडं बघतोय." मी म्हटलं, नुसतं बघून काय होतंय, घेतलं पाहिजे. ते म्हणाले, "बघतोय तर. आदी अर्धा तास बघू दे." तलावाच्या पाण्याकडे बघत ते असे उभे राहायचे की जणू पलीकडच्या काठावर लंडन आहे.

आणि घेतलं की कुणीतरी. कुंकवाची बाई म्हणून जे चित्र होतं, तेच लंडनच्या एका डॉक्टरने घेतलं. चित्र पाठवायचं कसं, हा मोठा प्रश्न. सरांनी नळाच्या दुकानातून जाड पाइप आणला, कॅनव्हास गुंडाळून त्यात घातला, दोन्ही तोंडं बंद करून वर कापड शिवलं. पोस्टातला माणूस म्हणाला, "बोअर मारताय काय?" पैसे बँकेत आले तेव्हा सर पेढे घेऊन माझ्या घरी आले. मी म्हटलं, पेढे ठेवा, पण बसायचा दर वाढवा. त्यांनी वाढवला. त्या वर्षात आणखी चार-पाच चित्रं पाइपातून गेली. मग एकदम सगळं थांबलं. 'छान आहे' असं लिहिणारे खूप, घेणारा एकही नाही. वहिनी कॅफेतून परत आल्या की सर त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ओळखायचे.

त्याच सुमाराला माझा नवरा गेला. पिऊन पिऊन गेला, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी दोन महिने बसायला गेले नाही.

मग वहिनींचा निरोप आला. दुबईतल्या एका हॉटेलला सहा चित्रं पाहिजे होती. वेबसाइटवर कुंकवाची बाई अजून दिसत होती, खाली 'विकलं' असं लिहून. त्यांना तीच बाई पाहिजे होती, सहा वेगवेगळ्या बैठकींत. पण तशीच. हिरव्या बांगड्या आणि मोठं कुंकू. वहिनींनी सरांना न विचारताच हो कळवून टाकलं होतं. पाडवा महिन्यावर आला होता. सहा चित्रं गेली असती तर अप्पांनी पुढची दोन वर्षं तोंड उघडलं नसतं.

मी माडी चढून गेले तर दारातच वहिनी करंडा आणि डझनभर बांगड्या घेऊन उभ्या. मान खाली घालून म्हणाल्या, "अक्का, राग मानू नका. बसण्यापुरतंच."

मी म्हटलं, "राग कसला? आना हिकडं." मला खरंच कुंकवाचं काही वाटत नव्हतं. नवरा होता तेव्हाही ते मीच माझ्या पैशाने विकत आणत होते. आरशात बघून लावलं, बांगड्या भरल्या, आणि जाऊन खुर्चीवर टेकले.

सर बघत राहिले. अर्धा तास झाला, तास झाला. म्हशी गेल्या. चहा झाला. ब्रश उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वहिनी दारातून डोकावून जात होत्या. चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "काय सर, मुहूर्त काढलाय काय?"

"अक्का, तुम्ही कुठं जाईनासा झालाय."

"म्हंजे?"

"हितंच बसलाय. चार दिवस झालं, जिन्याकडं बघताय."

ते खरं होतं. शेजारची कमळाबाई कधीही पापड वाळत घालायला वर यायची. तिने बघितलं तर गल्लीत काय काय होईल हे मी चार दिवस मोजत होते. मला वाटत होतं माझं मला काही वाटत नाही. माझ्या डोळ्यांना वाटत होतं. मी वैतागून म्हटलं, "तुम्हाला डोळ्यांशी काय करायचंय? डोळं जुन्या फोटोतनं घ्या. कुंकू करंड्यातनं घ्या. हॉटेलवाला काय येऊन माझ्या घरात बघनार हाय?"

"मग तुमच्यातलं काय घेऊ?" सर म्हणाले.

मी हातातल्या बांगड्या मागे सारल्या.

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "पुसा."

वहिनी दारातच होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "पाडव्याला पंचवीस दिवस राहिलेत."

"म्हाईत हाय."

"अप्पांना काय कळवू?"

"येतो म्हनून कळीव."

वहिनी आत गेल्या. मी पदराने कपाळ पुसलं, बांगड्या काढून स्टुलावर ठेवल्या. पाय खडूच्या रेघेत ठेवले. सर बघत बसले. खाली घंटा वाजत गेल्या, त्या गेल्या की भिंत पातळ व्हायला लागली. त्या दिवशी शिरोळ आलं नाही. फौंड्रीच्या भोंग्यानंतर रस्त्याने एकटा चालत येणारा माझा नवरा आला, न पिलेला, सायकल हातात धरून. पंक्चर झाली होती. आम्ही दोघं बोललो नाही. नुसतं चालत राहिलो, सायकल मधे. मला तो चांगला वाटला. तसा तो नव्हता, पण त्या दिवशी वाटला. केव्हातरी ब्रश घासल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

नऊ दिवस बसले. चित्र झालं, कपाळ रिकामं, हात रिकामे. फोटो पाठवताना सोबत काय लिहू, असं वहिनींनी विचारलं, तर सर म्हणाले, "लिही, बाई आता अशा आहेत. पाहिजे असतील तर अशाच सहा करतो." वहिनींनी तसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं. हॉटेलात येणाऱ्यांना बघून प्रसन्न वाटलं पाहिजे. त्यांनी दुसरा चित्रकार बघितला होता.

मी सरांना म्हटलं, "तुम्ही खुळं हायसा."

"व्हय," ते म्हणाले. "पर हात एकदा खोटं शिकला की माघारी येत न्हाय, अक्का. दुकानातनं मी कवातरी माघारी यीन."

पाडव्याच्या आदल्या दिवशी टेंपो आला. चित्रं, परात, कंप्युटरच्या क्लासचं वहिनींचं सर्टिफिकेट, सगळं जयसिंगपूरला गेलं. सर गादीवर बसले. तिथेही त्यांनी आपली रीत सोडली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्याकडे बघत राहायचे. बायका चिडायच्या. "ओ सर, कापड दावा की, आमाला काय बघताय?" मग सर कप्प्यातून एकच तागा काढायचे आणि तो बहुतेक वेळा बरोबर असायचा. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास चित्र काढायचे. बाजाराला आलेला हमाल, तराजूवाली, कुणीही. वहिनी ती चित्रं नेटवर टाकायच्या. वर्षाला दोन जायची, कधी तीन. त्या पैशाला अप्पा हात लावायचे नाहीत. सर त्यातून रंग आणायचे.

मी इकडे दुसऱ्या चित्रकारांपुढे बसत राहिले. नवीन मुलं कॅमेऱ्यात दहा फोटो काढतात आणि पैसे देऊन मोकळं करतात. माझ्या कपाळावर कुंकू ते आपलं आपण लावतात, न विचारता. मी बघितलंय. मी पैसे घेतले. ती चित्रं नेटवर पटापट जातात म्हणे. त्या सगळ्या चित्रांत माझा नवरा जिवंत आहे.

सर पाच-सहा वर्षांनी गेले. सकाळी रंग कालवत होते आणि तिथेच कलंडले. मला फोन दुसऱ्या दिवशी आला, म्हणून माती मिळाली नाही. महिन्याने मी जयसिंगपूरला गेले. दुकानात गादीच्या वर भिंतीवर मी होते, रिकाम्या कपाळाची, चौकटीत. सरांनीच लावलं होतं ते, इथे आले त्याच वर्षी. वहिनी सांगत होत्या की गिऱ्हाइकांना वाटतं ही सरांची आई. दुकानात पाऊल टाकलं की बायका आधी चित्राला हात जोडतात, मग भाव विचारतात. सर हयात असताना त्यांनाही लोक म्हणायचे, आईचं तोंड अगदी तुमच्यासारखं. ते म्हणायचे, "आसंल."

मग वहिनींनी मला आत बोलावलं. दुकानात आता कंप्युटर होता. अमेरिकेतल्या कुणी बाईने हे चित्र मागितलं होतं. ती म्हणाली होती, तीन दिवस बघतेय. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी हे कधी विकायला ठेवलं नव्हतं. हॉटेलला दाखवायला टाकलेला फोटो वेबसाइटवर तसाच राहून गेला होता. मी नाही कळवू का? तुम्हीच सांगा, अक्का. तोंड तुमचं आहे."

"माझं तोंड मला रोज आरशात दिसतंय," मी म्हटलं. "चित्र काय दुकानात टांगून कापडाचे भाव ऐकायला काढलंतं? इका. पैल्या दराला देऊ नका फक्त."

वहिनी रडल्या. मग त्यांनी डोळे पुसून पडद्यावर काहीतरी लिहिलं. मी वाचायला गेले नाही.

चित्र उतरवायला दोन नोकर लागले. मागच्या भिंतीचा रंग तेवढाच नवा राहिला होता, त्या मापाचा पांढरा चौकोन. त्याकडे बघत मी ब्लाउजपीस निवडत होते. तेवढ्यात शिरोळकडची एक म्हातारी आत आली, पायातल्या चपला काढल्या, त्या रिकाम्या चौकोनाला हात जोडले, डोळे मिटून जरा वेळ तशीच थांबली, आणि मग माझ्या शेजारी येऊन टेकली.

"सरका की जरा बाई," ती म्हणाली.

मी सरकले.